खाऱ्या ओळीतल्या सहा कुंड्या

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, गवत संशोधन केंद्रातला कुंड्यांना पाणी घालणारा निवृत्त कामगार, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, स्वखुशीने लिहितो. गुडघे गेले, डोकं शाबूत आहे. तेच दुखणं आहे.

१. राहतं घर व बँकेतली ठेव धाकट्या भावाच्या मुलीला. घर खुशाल विकावं. मात्र मागच्या भिंतीला ओल येते हे गिऱ्हाइकाला आधी सांगावं. घराण्यात लपवणारा एक पुरे.

२. झारी व मापाचं भांडं केंद्राला परत द्यावं. निवृत्तीच्या दिवशी मीच उचलून आणलं होतं. भांडारपालाला मात्र हे कळवू नये, मेला फार मिजासखोर.

३. भावासाठी फक्त खरं. केंद्रात गवताच्या चाचणीत शेवटच्या ओळीला खारं पाणी, तेही निम्मं. पानांची टोकं करपली, वाढ वीतभरावर अडली. साहेबांना तेच मोजायचं होतं. मला बघवेना. जेवणाच्या सुट्टीत मी सहा कुंड्यांना माझ्या बाटलीतलं गोडं पाणी घालायचो. त्या माझ्या बाकाजवळ होत्या, एवढंच. त्या तरारल्या. साहेब म्हणाले, "वा! हा वाण मीठही सोसतो नि तहानही." मी मिठाची गुळणी धरली.

बियाणं वाटलं गेलं. भावाने विचारलं, "दादा, माझ्या खारवट रानात येईल?" मी म्हणालो, "डोळे झाकून पेर."

उन्हाळ्यात विहीर आटली, गवत पिवळं पडलं, जमिनीवर पांढरा थर आला. चाऱ्यावाचून अकरा गाई गेल्या. भाऊ म्हणाला, "माझ्याच मातीचं नशीब खोटं. तुझं गवत चांगलंच होतं."

एकोणीस वर्षं हे गिळतोय. तोंडावर सांगायची छाती नाही, होणारही नाही. वाचून त्याने खुशाल शिव्या घालाव्यात. ऐकायला मी नसेन, हा भ्याडपणा मी समजून-उमजून करतो आहे.

४. तो वाण अजून केंद्राच्या बियाणं-वाटपाच्या यादीत आहे. पुतणीने याची प्रत केंद्राला द्यावी. कुणी वाचेल असं वाटत नाही.

ठिकाण: राहत्या घरी
दिनांक: ९ मार्च

लिहिणाऱ्याची सही

साक्षीदार:
१. शेजारचा शिंपी (सही)
२. धाकटा भाऊ (सही)

सह्यांनंतरची नोंद: दोघांनाही आधी वाचून घ्या म्हटलं होतं. शिंपी चष्मा विसरला होता. भाऊ म्हणाला, "दादा, तू लिहिलंयस ना? मग त्यात बघायचं काय?" मी बोट ठेवलं तिथे त्याने सही केली.