फर्माईश करणार: मृत्युंजय आणि सौ. दानम्मा

६ नोव्हेंबर, गुरुवार. सकाळी ७
आजपासून रोजनिशी. घरात बोलायला कोणी नाही म्हणून नव्हे. चिंचोळी एमआयडीसीत एकतीस वर्षं स्टोअरकीपर होतो. रजिस्टर लिहिल्याशिवाय दिवस संपल्यासारखा वाटत नाही, एवढंच.

दानम्मा अक्षताकडे कुर्डुवाडीला गेली, त्याला आज चौदा दिवस. लेकीकडे बदल म्हणून गेलीय. पाडव्याला ओवाळणीची साडी दिली होती, ती कपाटातच राहिली. विसरली असणार.

भांडण वगैरे काही नाही. पाडव्याला सकाळी रेडिओवर माझं आवडतं टांग्यातलं गाणं लागलं. ही पोळ्या लाटता लाटता भलतंच काहीतरी गुणगुणत होती. मी एवढंच म्हणालो, जरा गप बस, गाणं ऐकू दे. बसली गप. दुसऱ्या दिवशी बॅग भरली. एवढ्यावरून कोणी घर सोडतं का? सोडत नाही. म्हणजे बदल म्हणूनच.

स्टॉक: शेंगाचटणी, एक डबा, तिनं करून ठेवलेली. ती येईपर्यंत सहज पुरेल.

९ नोव्हेंबर, रविवार
बागेतल्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर ठरलं. २३ तारखेला जाहीर चर्चा: साठच्या दशकातलं सगळ्यात भारी गाणं कोणतं? जिंकेल त्याला शाल आणि ट्रॉफी. गुरुशांत नावेतल्या गाण्याच्या बाजूनं बोलणार म्हणे. जन्मभर सायकलचं दुकान चालवलं, ह्याला गाण्यातलं काय कळतं? मी अर्थात टांग्यातलं.

माझ्याकडे पुरावा आहे. लग्न झाल्यापासून दर सोमवारी मी रेडिओला पोस्टकार्ड टाकत आलोय. गाणं टांग्यातलं, फर्माईश करणार: मृत्युंजय आणि सौ. दानम्मा, सोलापूर. दोघांची नावं आजवर दोनशे अकरा वेळा लागली. नोंद आहे. नवरा-बायकोचं एकच आवडतं गाणं, सगळ्या महाराष्ट्रानं ऐकलंय! गुरुशांतच्या बायकोचं नाव एकदाही लागलेलं नाही.

संकल्प: ट्रॉफी घेऊन थेट कुर्डुवाडी गाठायची. आपलं गाणं जिंकलं म्हटल्यावर दानम्मा त्याच गाडीनं परत येईल.

१२ नोव्हेंबर, बुधवार
फोन केला. नात संस्कृतीनं उचलला. आजी कामात हाय म्हणाली. मागं कोणीतरी गात होतं. टीव्ही का गं, विचारलं. न्हाई, आजी गातीय, म्हणाली. पोरगी लई खोटं बोलायला शिकलीय. दानम्मा गात नाही. मी तिला कधी ऐकलेलं नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार
भाकरी करून बघितली. कोपऱ्यावर विकत मिळतेच की, उगाच कशाला खटाटोप.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
चर्चेसाठी तक्ता केला. टांग्यातलं: चाल दहापैकी दहा, ठेका दहापैकी अकरा. नावेतलं: ठेका चार. नावेला टापा नसतात, माझा काय दोष?
फोन केला. दानम्मा देवळात गेली होती.
संध्याकाळी परत केला. झोपली होती. सातला?
चटणी अर्ध्यावर.

२३ नोव्हेंबर, रविवार. दुपारी
जिंकलो!! मी पंचेचाळीस मिनिटं बोललो. परीक्षक सिद्धेश्वरीबाईंनी चार वेळा घंटा वाजवली, मी थांबलो नाही. शेवटी पोहे गार व्हायला लागले तसे सगळ्यांनी माझ्या बाजूनं हात वर केले.

मध्येच गुरुशांत उठला. वहिनींची साक्ष काढतोस तर फोन लाव की त्यांना, स्पीकरवर विचारू, म्हणाला. मी म्हणालो, नियमात बसत नाही. घाम आला होता. ऊन फार होतं.

ट्रॉफी देताना टाळ्या त्यानंच जास्त वाजवल्या. जवळ येऊन म्हणाला, आता तरी वहिनींना घेऊन ये बाबा. हरलेला माणूस असाच विषय बदलतो.

२५ नोव्हेंबर, मंगळवार. रात्री, घरी
कुर्डुवाडीला जाऊन आलो.

दानम्मानं ट्रॉफी बघितली, चांगली हाय म्हणाली आणि फ्रिजवर ठेवली. मी सगळं भाषण परत म्हणून दाखवलं. दोनशे अकराचा आकडा सांगितला. ती मेथी निवडत ऐकत होती. मग म्हणाली, मला ते गाणं कधीच आवडलं न्हाई. टापा सुरू झाल्या की डोकं ठणकतं. दोनशे अकरा वेळा ठणकलं असंल.

मी म्हणालो, मग इतकी वर्षं बोलली का नाहीस? तर म्हणाली, तुमी सोमवारी कार्ड लिहायला बसला की मी चहा घेऊन तितंच हुबी असायची की. वाटायचं, माजं नाव घालतायत, आज तरी विचारतील मला कुठलं आवडतं. न्हाई विचारलं. लई सोमवार गेले.

मी जिंकल्याचं परत एकदा सांगितलं.

निघताना विचारलं, येतेस ना? होगली बिडरी, म्हणाली. म्हणजे कानडीत, जाऊ द्या. रागावलेलं माणूस जाऊ द्या म्हणतं का? येणार. पुढच्या आठवड्यात नक्की. ट्रॉफी तिकडंच राहिली.

२७ नोव्हेंबर, गुरुवार. सकाळी
उपाय सापडला! नवं कार्ड टाकायचं. गाणं तिचं, नाव फक्त तिचं. माझं घालायचंच नाही. (खाली बारीक अक्षरात घातलं तर हरकत नसावी.) रेडिओवर ऐकेल आणि दुसऱ्या दिवशी गाडीत बसेल.

लिहायला बसलो. फर्माईश करणार: सौ. दानम्मा. गाणं:

इथं पेन थांबलं. परवा तीन तास तिच्यासमोर बसलो होतो. गाणं कोणतं, ते विचारलंच नाही.

२७ नोव्हेंबर. दुपारी
फोन लावला. तिनंच उचलला. दानम्मा, तुझं गाणं कोणतं गं, विचारलं. नाक ओढल्यासारखं ऐकू आलं. रडत होती बहुतेक. मग म्हणाली, ऱ्हाऊ द्या आता. संस्कृतीनं मोबाईलमदी घालून दिलंय, माजं मी ऐकते. तुमी तुमचं ऐका. जेवलात का, असंही विचारलं. जेवलो म्हणालो. जेवलो नव्हतो.

१ डिसेंबर, सोमवार
कार्ड टेबलावर तसंच आहे. चटणी संपली. डबा धुतला नाही.
सकाळी रेडिओवर टांग्यातलं लागलं. बंद केला आणि स्वयंपाकघराकडे कान लावून बसलो. कोणी गुणगुणत नव्हतं.