चूल पेटवून गार केलेली खोली

सारंगखेडा, शिमग्यानंतरचा बुधवार

चि. सौ. धाकटी बहीण जमनाबाई हीस थोरलीचा आशीर्वाद. धानोऱ्यात तुझे गुडघे कसे आहेत ते कळव. इकडे सगळे जिवंत आहेत. त्यापुढची खुशाली विचारू नको.

गेल्या वैशाखात आपल्या शोभाचं तान्हं ऊन लागून गेलं, हे तुला ठाऊक आहे. (तेव्हा तू आली नाहीस, हे मला ठाऊक आहे.) ती पुन्हा वैशाखातच बाळंत होणार. तिच्या नवऱ्यानं, म्हणजे माझ्या शिकल्यासवरल्या नातवानं, लोटननं पण केला की यंदा बाळंतिणीची खोली यंत्रानं गार ठेवायची. भिंती जाड म्हणून खोली माझी घेतली. मी ओसरीवर, वासराशेजारी. वासरू निदान ऐकून तरी घेतं.

यंत्र म्हणजे लोखंडी नळ्यांचा गुंता, आत नवसागराचा उग्र वायू, आणि तो खेळवायला भिंतीबाहेर कपाशीच्या काड्यांची चूल. "मोठमाय, दोन मूठ पऱ्हाटी पुरी जाई," म्हणे. मी म्हटलं, चूल पेटवून थंडी येत असती तर एवढ्या वर्षांत माझा बर्फ झाला असता.

परवा यंत्र सुरू झालं. थंडी पळू नये म्हणून दारंखिडक्या बंद. लोटनच्या आईला, भिकुबाईला (अक्कल माहेरीच राहिली), वाटलं की यंत्राला गावाची नजर लागेल. तिनं मीठमिरच्या ओवाळून निखाऱ्यावर टाकल्या. त्याच घटकेला नळीची पितळी चावी गळायला लागली. डोळे झोंबले, घसे धरले. भिकुबाई खूश! मिरचीचा ठसका लागला म्हणजे नजर नव्हतीच, हे शेंबड्या पोरालाही कळतं. "देखा, नजर नही व्हती!" म्हणत ती खोकत बसली, आणि सगळं घर समाधानानं खोकत बसलं. शोभा पांढरी पडली तेव्हा मीच तिला दंडाला धरून बाहेर ओढलं.

आमचे सुजलेले, गळके डोळे पाहून गल्लीतल्या बाया मयताला याव्या तशा गळ्यात पडून रडल्या. कोण गेलं हे कोणी विचारलंच नाही. शेजारच्या फुलीबाईनं तर माझे गुण गायले, मी समोर उभी असताना. (एरवी कधी गायले नव्हते.)

शोभा बरी आहे, पोटातलं हलतं आहे. लोटन मात्र जेवत नाही, यंत्र भंगारात घालतो म्हणतो. घालू दे. देवानं दिलेला उन्हाळा माणसानं सोसावा.

तुझी थोरली

ता. क. यंत्र गोणपाटाखाली झाकून मी त्यावर बसले आहे. तुझा जावई सुरतेला बर्फाच्या कारखान्यात आहे, तिथं हाच वायू असतो म्हणे. त्याच्याकडून लोखंडी चावी मागव. हा वायू पितळेला खातो. लोटनला सांगू नको, नाहीतर मला त्याच्या बाजूची समजेल.

आणखी ता. क. चावी नाही मिळाली तर उत्तर लिहू नको, वैशाख लागायच्या आत तूच ये. पोराला रात्रंदिवस वारा घालायला दोन म्हाताऱ्या लागतील.