अठरा सेकंद

३ फेब्रुवारी

ठिपका आहे. यकृतात, उजवीकडे, अगदी वर. बारा-तेरा मिलीमीटरचा.

सोनोग्राफीच्या बाईंची आणि माझी दर सहा महिन्यांनी भेट. अकरा वर्षांपूर्वी हौसेने रक्तदानाला गेले आणि हिपॅटायटिस बी निघाला, तेव्हापासूनची. पोटावर तो गार चिकट पदार्थ लावायचा, कुशीवर व्हायचं, त्यांनी त्यांच्या मुलीच्या तक्रारी सांगायच्या, मी माझ्या लेकीच्या, आणि "सगळं छान" ऐकून घरी यायचं. आज त्या मध्येच गप्प झाल्या. हात एकाच जागी फिरत राहिला. "श्वास घ्या. रोखा. सोडा. परत एकदा." चार वेळा! मी विचारलं, "काय हो?" तर म्हणाल्या, "बघते हं."

४ फेब्रुवारी

ह्यांना सांगितलं. "ठिपकाच ना? कुणालाही असतात," म्हणाले. आणि चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधत फिरले. चष्म्याचं दुकान आहे ह्यांचं!

६ फेब्रुवारी

यकृताच्या डॉक्टरांकडे गेलो. पोरसवदा आहेत, पण समजावून सांगतात. एवढा लहान ठिपका सोनोग्राफीत नुसता दिसतो, कसला आहे ते कळत नाही. म्हणून एमआरआय. शिरेतून औषध सोडायचं आणि लागोपाठ फोटो घ्यायचे. कॅन्सर असला तर ठिपका आधी उजळतो आणि पुढच्या फोटोंत आजूबाजूपेक्षा काळा पडतो. "दोन्ही नीट दिसलं की तुकडा काढून तपासायचीही गरज नाही!" किती आनंदाने सांगत होते. मी त्यांच्या पेनाकडे बघत बसले.

प्रत्येक फोटोला अठरा सेकंद श्वास रोखायचा. हलला की फोटो वाया. हे हसले. "डॉक्टर, ही पोहायला शिकवते. दीड मिनिट पाण्याखाली बसते." मीही हसले.

९ फेब्रुवारी

झाला एमआरआय. लिहवत नाही.

१० फेब्रुवारी

लिहिते. इथे नाही तर कुठे लिहू?

मी मुद्दाम श्वास सोडला.

सुरुवातीचे सगळे फोटो नीट दिले. मग औषध सोडलं. दंडातून गार काहीतरी वर चढलं. कानात तंत्रज्ञ म्हणाला, "काकू, रोखा." रोखला. अठरा सेकंद, पापणीही हलवली नाही. "मस्त!" म्हणाला तो. आणि तेव्हा मनात आलं — तो आत्ता उजळला असेल. आता पुढचा फोटो. पुढच्या फोटोत काळा पडला की संपलं. "रोखा," तो म्हणाला आणि मी श्वास घेतला. चांगला छाती भरून. त्याच्या पुढच्यालाही. त्याच्या पुढच्यालाही.

"काकू, सुटतोय हो श्वास."

"जमत नाहीये. घाबरलेय मी." एवढं मात्र खरं होतं.

फोटो आलाच नाही तर काही ठरलंच नाही ना! त्या नळकांड्यात हे अगदी पटलं होतं. बाहेर येऊन चपला घालेपर्यंत लाज वाटायला लागली. वयाने बावन्न आणि अक्कल बघा.

११ फेब्रुवारी

सकाळी माझा वर्ग होता, म्हणून रिपोर्ट आणायला हे एकटे गेले. दुपारी आले, पंख्याखाली बसले. "फोटो हललेत. परत काढायचा. पंचवीस तारीख मिळालीये." बस, एवढंच. मी "बरं" म्हटलं आणि कणीक मळायला घेतली. जीव भांड्यात पडला — आणि लगेच स्वतःचाच राग आला.

१३ फेब्रुवारी

घरात सराव सुरू! लेकीने नेटवर वाचलंय की श्वास सोडून मग रोखायचा. जेवणाच्या टेबलाशी मी ताठ बसते, हे समोर फोनवर सेकंद मोजतात. आता दीड मिनिट रोखून दाखवलं तर पितळ उघडं पडणार. म्हणून बाराव्या सेकंदाला फुस्स!

लेक म्हणाली, "आई, तू? बारा सेकंद?"

"पाण्यात वेगळं असतं," मी म्हटलं. काहीही!

"बारा," हे म्हणाले आणि दुकानाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं.

१५ फेब्रुवारी

चौदा. "कालपेक्षा एक जास्त," ह्यांचा शेरा. पहिलीतल्या मुलाला द्यावी तशी शाबासकी दिली. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१७ फेब्रुवारी

माझ्या बायकांच्या वर्गात एक निवृत्त हेडबाई आहेत. चौसष्ट वर्षांच्या. पाणी छातीइतकंच, पण कडेचा दांडा सोडत नाहीत. आज ओरडले, "अहो, सोडा! काही होत नाही! पाय टेकलेत तुमचे!" तर म्हणाल्या, "मला कळतं हो सगळं. पण हात सुटत नाही, त्याला मी काय करू?"

बाकीच्या हसल्या. मला पुढे शिकवता येईना. शिट्टी हेडबाईंच्याच हातात दिली आणि कपडे बदलायच्या खोलीत जाऊन दहा मिनिटं बसले.

२० फेब्रुवारी

वाढला असेल का? रोज हाच प्रश्न. डाव्या कुशीवर झाले की उजवीकडे काहीतरी टोचतं. डॉक्टर म्हणाले होते दुखत नाही, तरी टोचतं! लहान असेल तर सुई घालून जाळून टाकता येतो, दोन सेंटीमीटरच्या आत असला तर सगळ्यात बरं, असं ते म्हणाले होते. आणि मी बसलेय हातचे दिवस घालवत. माझ्या मूर्खपणापायी तो दोनच्या वर गेला तर? लेकीला काय तोंड दाखवू?

आज ह्यांना सांगणार होते. भाजी चिरत होते, हे शेजारी लसूण सोलत होते. "अहो," म्हटलं. "काय गं?" इतक्या घाईने वळले की मी घाबरले. "लसूण पुरे," म्हटलं.

२२ फेब्रुवारी

अठरा झाले. सरावात. ह्यांनी टाळ्या वाजवल्या!

२५ फेब्रुवारी

सगळे दिले. एकही सोडला नाही. औषधानंतरचे तर पंचवीस सेकंद मागितले असते तरी दिले असते. डोळे घट्ट मिटून एकच म्हणत होते — दिसू दे बाबा, जे असेल ते दिसू दे. बाहेर आले. ह्यांनी चपला पायापाशी सरकवल्या आणि माझा हात धरला. चारचौघांत! लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, असं कधी केलं नाही.

२७ फेब्रुवारी

कॅन्सरच आहे.

एकच आहे. चौदा मिलीमीटर. उजळला आणि काळा पडला, डॉक्टरांनी पडद्यावर दाखवला. एवढासा. हरभऱ्याएवढा! पुढच्या शुक्रवारी सुईने जाळायचा. "लवकर सापडलाय, नशीबवान आहात," म्हणाले. नशीबवान! मी मान डोलावली. लेक रडली, मी तिला रागावले, मग मीही रडले.

२८ फेब्रुवारी

काल एक गोष्ट लिहायचं टाळलं. डॉक्टर म्हणाले होते, "मागच्या वेळीही चौदाच होता. वाढलेला नाही."

"मागच्या वेळी? ते फोटो तर हलले होते ना?"

"शेवटचे हलले होते. औषधानंतरचा पहिला स्वच्छ होता, त्यात उजळलेला दिसत होता. कॅन्सरची दाट शंका, असं तेव्हाच यांना सांगितलं होतं."

हे जमिनीकडे बघत होते.

आज सकाळी विचारलं. आधी मी भांडले. मग विचारलं, मला का नाही सांगितलंत?

"दीड मिनिट पाण्याखाली बसणारी तू. अठरा सेकंद तुला जमत नाहीत होय? ज्या दिवशी रिपोर्ट आणला त्याच दिवशी कळलं मला. तुला कळून घ्यायचं नव्हतं. म्हटलं, हिची तयारी होईपर्यंत ते मी एकटा धरून ठेवतो."

सोळा दिवस! समोर बसून माझे खोटे बारा-चौदा मोजत होता हा माणूस.

"भीती नाही वाटली तुम्हाला?" मी म्हटलं.

"अजून वाटतेय," म्हणाले.