उष्टा चमचा

३ फेब्रुवारी
लेकीकडे, प्रज्ञाकडे गेलो होतो, नातीला भरवायला. ओवी दहा महिन्यांची. खालचे दोन दात नुकतेच आलेत. खिमट गरम वाटलं म्हणून चमचा आधी माझ्या ओठाला लावला. प्रज्ञाने तो हातातून काढूनच घेतला. "बाबा, तुमचं उष्टं नका देऊ तिला."
उष्टं! माझ्या घरात वाढलेल्या मुलीच्या तोंडी! माझ्या आईने पंगती उठल्यावर पत्रावळींवरचं उष्टं गोळा करून आम्हाला जगवलं. धम्म स्वीकारला आणि तिने ते बंद केलं, उपाशी राहून. त्या शब्दावर मी चाळीस वर्षं सभा पेटवल्या.
चहा न घेता निघालो.

४ फेब्रु.
प्र.चा फोन. शब्द चुकला म्हणाली, मुद्दा नाही. लाळेतून दात किडवणारे जंतू बाळाच्या तोंडात जातात. "तुमच्या हिरड्यांतून रक्त येतं. बेसिनमध्ये बघितलंय मी. आधी डॉक्टरांना दाखवा. तोवर भरवणं बंद."
मी: "विटाळ मानणारेही शास्त्राचाच दाखला द्यायचे."
ती: "त्यांना पुरावा मागितला की ते पळायचे. तुम्हीही पळताय."
पळताय म्हणाली. मला!

६ फेब्रु.
दोन दिवस वाचतोय. चिडून, पण वाचतोय. लाळ हीच दातांची राखणदार. आम्ल धुते, झीज भरून काढते. ती आटली की जंतूंचं फावतं. रक्तदाबाच्या गोळ्यांनी तोंड कोरडं पडू शकतं, हे मला कुणी सांगितलं नाही. की सांगितलं होतं आणि तेव्हा मीच बोलत होतो?
जंतू जात विचारत नाहीत... टाळ्यांचं वाक्य. प्र.ला पुरणार नाही.

९ फेब्रु.
वारज्यातल्या दातांच्या डॉक्टर, शेखबाई. "याआधी कधी दाखवलं होतंत?" कधीच नाही. "वा. भाषणं तोंडानेच करता ना?"
एक दाढ काढावी लागणार, हिरड्या साफ करायच्या. नातीचं विचारलं. जंतू आईकडूनही जातात म्हणाल्या. पूर्ण थांबवता येत नाहीत, पण मोठ्यांनी आपलं तोंड नीट ठेवलं तर कमी होतात.
बाहेर येऊन विजयी मुद्रेने फोन लावला. "तूही तपासून घे!"
"मी मागच्याच महिन्यात दोन दाढा भरून घेतल्या, बाबा. माझाही चमचा वेगळाच असतो."
हे तिने आधी का सांगितलं नाही? मी सांगू दिलं असतं तर ना.

१२ फेब्रु.
लोणी काळभोरला सभा. नेहमीचं वाक्य आलं, "उष्टं असं काही नसतंच!" आणि अर्ध्यावर अडकलो. कुणीतरी पाणी आणून दिलं. मग म्हणालो, ज्यांनी माझ्या आईपुढे उष्टं टाकलं त्यांनी कुणाची लाळ तपासली नव्हती, जात तपासली होती. खरं तेच. टाळ्या कमी.
जेवताना संयोजकांची आई जवळ येऊन बसली. "भाषान झ्याक हाय, पर मधीच का वो थांबला?"
"खरं शोधत होतो, मावशी."
"मग? घावलं का?"
मी भात मागितला.

१६ फेब्रु.
काल दाढ काढली. तोंडात अजून रक्ताची चव. प्र. ओवीला घेऊन आली, आपणहून. मनात राग धरला नाही पोरीने.
ओवीच्या हातात केळं. अर्धवट चघळलेला तुकडा तिने तोंडातून काढला आणि माझ्या ओठांवर धरला. "आ!" मी चावा घेतला की उरलेला परत तिच्याच तोंडात जाणार. मी तोंड फिरवलं. कुणी प्रेमाने पुढे केलेल्या घासापासून, आयुष्यात पहिल्यांदा.
प्र. दारातून बघत होती. "बरोबर केलंत, बाबा."
बरोबरच केलं. ओवी मात्र हात खाली घेईना.