चौदावी मांडणी

लोणावळे, १० ऑक्टोबर १९३८

प्रिय नंदाबाळ,

अक्षर आबाचंच आहे. चार वर्षांनी लिहितोय. आई बरी आहे. परसातला पेरू यंदा लगडलाय. पहिल्या तोडीतले चांगले चार ती फडक्यात बांधून ठेवते, मऊ पडले की गुपचूप गाईला घालते. कुणासाठी ठेवलेस, असं मी विचारत न्हाई.

नोकरी सुटल्यापासून दिवस सरता सरत नाही, म्हणून तुझी पाटी काढली. तू पुण्याच्या शाळेत शिकवायला लागलीस त्या दिवाळीत मला कोडं घातलं होतंस, आठवतं? एक ते आठ आकडे, चार-चारच्या दोन ओळींत मांडायचे. दोन्ही ओळी डावीकडून उजवीकडे चढत्या, आणि खालचा आकडा डोक्यावरच्यापेक्षा मोठा. अशा मांडण्या किती? चार आकड्यांच्या दोन, सहांच्या पाच, इथवर आपलं जुळलं. आठांच्या मी तेरा म्हणालो, तू चौदा.

मी पडलो रेल्वेचा सांधेवाला, गाड्यांचे रूळ बदलणारा. मला आकड्यांत घाट चढून आलेली इंजिनंच दिसायची. आठ आकडे म्हणजे एकामागून एक आठ हालचाली, वरच्या ओळीत इंजिन सायडिंगला, म्हणजे बाजूच्या रुळावर, आत घेतल्याच्या, खालच्या ओळीत बाहेर सोडल्याच्या. आत आल्याशिवाय बाहेर कसं पडेल, म्हणून खालचा आकडा मोठा. तू वर एक-दोन-तीन-चार, खाली पाच-सहा-सात-आठ लिहिलंस, ते मी तळव्यानं पुसलं. म्हटलं, चार इंजिनं एकदम उभी राहतात कुठं? तीस वर्षांत मी पाहिली न्हाईत. तू म्हणालीस, आबा, कोड्यात सायडिंग कुठंय? मी म्हणालो, मास्तरीण झालीस म्हणून बापाला शिकवतेस व्हय? तू पाटी खाली ठेवलीस.

गेल्या सोमवारी चिंचोके घेऊन पुन्हा मांडत बसलो, तेव्हा कुठं उजेड पडला. आमच्या सायडिंगात तीनच इंजिनं मावायची. ती अट तुझी नव्हतीच, मी माझ्या पदरची घातली होती. चौदाच गं, पोरी.

त्याच दिवाळीच्या सुट्टीत तू तुझ्या शाळेतल्या मास्तरांविषयी आईशी बोललीस, आणि मी ओसरीवरूनच ओरडलो, की परजातीत लग्न आपल्यात कुणी केलं न्हाई, ते व्हायचं न्हाई. पुढं तू रजिस्टर लग्न केलंस, त्याआधी तुझं पत्र आलं, ते न फोडताच फडताळात टाकलं. परवा फोडलं. ‘आबा, एकदा त्यांना भेटा तरी,’ एवढंच होतं त्यात. मी मोठं भांडण असेल समजत होतो.

म्हणून हे लिहितोय. दिगंबररावांनाही वाचून दाखव. त्यांचं नाव आजवर माझ्या तोंडून निघालेलं नाही. दिवाळीला दोघं या. आईला अजून यातलं काही सांगितलेलं नाही. तुझा होकार आला, की तिला सांगेन.

तुझाच,
आबा