बाबांच्या पुस्तकाचं तिसरं प्रूफ

प्रिय बारक्या,

चार वर्षांनी पत्र लिहितेय, तर आधी ख्यालीखुशाली विचारायला हवी, एवढं मला कळतं. पण ‘कसा आहेस’ लिहायला घेतलं आणि हात ‘मेल्या’ लिहायला निघाला, इतकं डोकं फिरलंय. तेव्हा पोटात आहे ते आधी ओकून टाकते. मला किळस आलीय. कॉम्प्युटरची, छापखान्याची, पीडीएफ या शब्दाची, आणि आणखी एका माणसाची. तो माणूस कोण, ते पुढे येईलच.

बाबांचं पुस्तक मी छपाईसाठी लावतेय. चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवून त्यांना जे कळलं ते सगळं. अक्षर उभं कसं करायचं, ब्रश कुठे दाबायचा, कुठे अलगद उचलायचा. तीन वर्षं त्यांनी सांगितलं आणि मी टाइप केलं. आणि फॉन्ट कुठला वापरणार? तूच केलेला, त्यांच्या जुन्या पाट्यांवरून एकेक वळण उचलून. दोनशे बारा पानं. माझ्या स्क्रीनवर अशी देखणी दिसत होती की मी स्वतःवरच खूश झाले. फाईल एक्स्पोर्ट केली, उघडून पाहिली, परत पाहिली आणि छापखान्यात धाडली.

पहिलं प्रूफ आलं. शी! अर्ध्या पानांवर नुसते रिकामे चौकोन, उरलेल्या पानांवर कुठलातरी फुगीर, बेचव फॉन्ट. रफार एकीकडे, त्याचं अक्षर भलतीकडे. छापखान्याच्या मॅनेजरला फोन केला तर म्हणतो, मॅडम, तुमची फाईलच तशी आहे. मी म्हटलं, माझ्याकडे नीट दिसते. तर म्हणाला, मग तुमच्याकडेच छापून घ्या की. आणि वर हसला! असा माणूस समोर असता तर मी काय केलं असतं, ते तुला माहीत आहे. लहानपणी तूही खाल्लायस माझ्या हातचा मार.

मग त्यानंच शहाणपण शिकवलं, की अक्षरांची चित्रं करून पाठवा, फॉन्टची कटकटच नको. तेही केलं, आठवडा घालवून. दुसऱ्या प्रुफात मोठे मथळे ठीक होते, पण खालचा बारीक मजकूर सगळा सुजलेला. बाबांनी कागद नाकाशी धरला, भिंग घेतलं, एका ओळीवर बोट फिरवलं आणि म्हणाले, हा माझा हात नाही गं, यात ब्रश कुठे उचललाच नाहीये. कागद घडी घालून मला परत दिला आणि आत निघून गेले. मला रडू आलं, मग रडू आल्याचा राग आला.

भिंग कशाला, असं तुझ्या मनात आलं असेल. तुला सांगणार तरी कोण होतं म्हणा. बाबांच्या दोन्ही डोळ्यांना मधोमध डाग धरलाय. कडेचं दिसतं, समोरचं पुसट होत जातंय. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन-तीन महिने, फार तर चार, मग वाचणं संपलं. चष्मा बदलून उपयोग नाही, ऑपरेशनही नाही. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि बाहेर आल्यावर एवढंच विचारलं, पुस्तक तोवर होईल ना? मी छातीठोकपणे हो म्हणाले. माझ्या जिभेला हाड कधी होतं?

तर तिसऱ्या वेळी मी एक्स्पोर्टच्या खिडकीतला प्रत्येक पर्याय दाबून पाहिला. माझ्याकडे पुन्हा सुरेख, छापखान्यात पुन्हा तीच घाण. तिसरं प्रूफ घेऊन मी स्वतः तिथे गेले, भांडायच्याच तयारीनं. मॅनेजरनं माझ्यासमोर फाईल उघडून तिच्या पोटातल्या फॉन्टची यादी दाखवली. तुझा फॉन्ट त्यात नव्हताच! फाईलमध्ये नुसतं नाव गेलं होतं, अक्षरं गेलीच नव्हती. माझ्याकडे दिसत होती, कारण माझ्या मशीनवर तो फॉन्ट बसवलेला आहे. पंचवीस वर्षं अक्षरजुळणी करणारी बाई मी, आणि तीनही वेळा फाईल तपासली ती स्वतःच्याच मशीनवर! शिकाऊ पोरीनं असं केलं असतं तर मी तिला उभी सोलली असती. मॅनेजर या वेळी हसला नाही. त्याची मला जास्त लाज वाटली.

पण फॉन्ट फाईलमध्ये जात का नव्हता? घरी येऊन फॉन्टची माहिती उघडली, आणि मग कळलं. तू त्याला कुलूप घातलंयस. स्क्रीनवर दिसेल, टाइप होईल, पण कुठल्याही फाईलबरोबर बाहेर जाणार नाही. जाताना ‘सुधारलेला आहे, आता हाच वापरा’ म्हणून बसवून गेलास तो हा! मी तुला काय काय शिव्या दिल्या, त्या इथे लिहीत नाही, कागद सोसणार नाही. बाबांच्या हातची अक्षरं, आणि बाबांनाच बंदी? असली कसली रे तुझी अक्कल?

माझ्याबरोबर काम करणारी मैत्रीण म्हणाली, दोन मिनिटांचं काम, मी फोडून देते कुलूप, त्याला पत्ताही लागणार नाही. फाईल तिच्याकडे पाठवायला घेतली होती मी. बोट बटणावर होतं. आणि एकदम ती बाटली डोळ्यांपुढे आली.

संडास धुण्याच्या औषधाची ती निळी बाटली. तू दुकानातून उचलून आणलीस आणि जेवणाच्या टेबलावर बाबांच्या पुढ्यात आदळलीस. तिच्यावर ठळक, लालभडक, बाबांची अक्षरं. म्हणालास, हा फॉन्ट जगात आपल्या तिघांकडेच आहे, मी दिला नाही, मग बाहेर गेला कसा? बाबांनी बाटली फिरवून फिरवून पाहिली, मग एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, मी दिला. तू पुढचं ऐकलंसच नाहीस. महिन्याभरात घर सोडलंस, आणि त्यांच्याशी बोलणं टाकलंस ते आजतागायत.

बारक्या, तो फॉन्ट मी दिला होता. त्या गॉगलवाल्या जाहिरातवाल्याला. तो माझं काम पाहून ‘वा’ म्हणाला, आणि मी एवढी फुगले की, थांबा, याहून भारी दाखवते, म्हणून तुला न विचारता फाईलच पाठवून दिली. पैसा नाही, काही नाही, एका ‘वा’साठी. बाबांना ती बाटली पाहतानाच कळलं होतं. मी तोंड उघडेन म्हणून त्यांनी वाट पाहिली असेल, पण एका शब्दानं कधी विचारलं नाही. मला किळस आलीय ती याच बाईची. तू कुलूप घातलंस ते माझ्यासारख्यांसाठीच. म्हणून ते मी फोडणार नाही. तूच उघड, आणि फाईल मेलनं पाठवू नकोस, घेऊन ये. मला काय बोलायचं ते बोल, मी ऐकून घेईन, पण आधी त्यांच्याजवळ बस. समोर बसू नकोस, समोरचा चेहरा आता त्यांना पुसल्यासारखा दिसतो. उजव्या हाताला बस, त्या बाजूनं त्यांना अजून माणूस ओळखू येतो.

अजूनही म्हणू देशील तर तुझीच,
ताई