घंटाघराची किल्ली माझ्याकडे आहे

ओरेस्ते,

किल्ली शोधू नकोस, मी नेली आहे. गावचा पोरगा सायकल शर्यत जिंकला तरच घंटा वाजवायची, हा तुझा आणि फादरचा नियम. असू दे तुमच्यापाशी.

आज दुसराच कुणी पहिला आलेला दिसताच तू टीव्ही बंद केलास आणि "आपल्या लोरिसनं गावाची लाज काढली" म्हणत बारमध्ये जाऊन बसलास. मी पुन्हा लावला. अरे, बर्फाच्या घाटात पोर दोनदा पडलं. गुडघा फुटला. थकलेल्यांना उचलणारी गाडी मागेच होती, पण यानं तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सायकल रेटत शेवटचा आला, पण वेळेच्या आत आला. उद्याच्या टप्प्यात पुन्हा शर्यतीत आहे. बारमधल्या तुम्हा शूरवीरांना जिना चढताना धाप लागते!

फादर चिडले तर सांग, बायको ऐकत नाही. त्यांना ते लग्नाच्या दिवसापासून माहीत आहे.

मक्याच्या पिठाचा पोलेंटा झाकून ठेवलाय, गार झाला तर तव्यावर परतून घे.

घंटा ऐकून शेजारी विचारतील, कोण जिंकलं? लोरिस म्हणून सांग. जीभ रेटत नसेल तर घंटाघरात ये. दोर जड आहे, आणि मीही मध्येच सोडणार नाही.

एल्विरा